'ब्रिंग अ प्लेट' म्हणजे रिकामी ताटली नव्हे!

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात दर आठवड्याला इंग्रजी बोलायला शिकवणारं सदर येतं, ते मी सातारला असताना कापून वहीत चिकटवायचे आणि आता मेलबर्नला लेकीकडे आल्यापासून मोबाईलवर वाचते. सदराबद्दल तक्रार नाही, म्हणजे आहे, पण ती सविस्तर सांगावी लागेल म्हणून पत्र लांबलंय, हवी तिथे कात्री लावा. मागे त्यात 'इट्स रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज' आलं होतं, त्याच्या आधी 'अ‍ॅपल ऑफ वन्स आय' आलं होतं. हे दोन्ही मला शाळेत सरांनी फळ्यावर लिहून दिलेलं आठवतंय, आणि आता आठ महिने झाले इथे येऊन, इथली हवा दिवसातून चारदा बदलते, ऊन म्हणून कपडे वाळत घालावे तर पाऊस हजर, पण एकाही माणसाच्या तोंडून मी कुत्र्या-मांजरांचा पाऊस ऐकला नाही. जे ऐकलं, म्हणजे वाचलं, ते अगदी पहिलीतल्या पोराला येतील अशा शब्दांचं होतं आणि त्यानेच आमची फजिती केली.

डिसेंबरातली गोष्ट. पत्रपेटीत एक चिठ्ठी आली, समोरच्या घरातल्या आजींनी हाताने लिहिलेली. (आजी म्हणजे माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी मोठ्या असतील, नात त्यांना नावाने हाक मारते, मला काही ते जमत नाही.) ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी गल्लीतल्या सगळ्यांनी त्यांच्या अंगणात जमायचं. मजकूर चारच ओळींचा. 'सॅटर्डे आर्व्हो', खाली वेळ, मग 'बीवायओ ड्रिंक्स' आणि शेवटी 'ब्रिंग अ प्लेट अँड अ चेअर'. लेक हॉस्पिटलात ड्युटीवर, जावई कामाने सिडनीला, घरात मी, हे आणि सात वर्षांची नात. 'आर्व्हो' काही कळेना. ह्यांना वाटलं कुणाचं आडनाव असेल. नातीला विचारलं तर ती म्हणाली अगं आजी आफ्टरनून! इथे सगळ्या शब्दांचं असंच करतात, बार्बेक्यूचं बार्बी, ब्रेकफास्टचं ब्रेकी, पेट्रोल पंपाला सर्व्हो, आपल्याकडे प्रशांतचा पश्या आणि सुनीलचा सुन्या होतो तसं. बीवायओ म्हणजे प्यायचं ज्याचं त्याने आणायचं हेही तिनेच सांगितलं. प्लेट आणि चेअर मात्र आम्ही तिला विचारलंच नाही, विचारायचं काय त्यात, प्लेट म्हणजे प्लेट आणि चेअर म्हणजे खुर्ची. संपादक साहेब, माझं सगळं म्हणणं ह्या एका गोष्टीपाशी आहे. जो शब्द येत नव्हता तो विचारला म्हणून तिथे काही बिघडलं नाही, जे येत होते असं वाटलं तिथेच घसरलो. शब्दकोशसुद्धा माणूस अडल्यावरच उघडतो ना, प्लेटचा अर्थ कोण बघायला जातंय.

बरं, त्यात खुर्चीही आणा लिहिलेलं. म्हणजे आमचा हिशोब सरळ झाला, म्हातारी बाई एकटी राहते, माणसं पंचवीस-तीस येणार, खुर्च्याही कमी आणि ताटल्याही कमी. मला उलट त्यांचं कौतुक वाटलं, की बाई मोकळेपणाने सांगतेय, उगाच ते कागदी प्लेटांचे गठ्ठे आणून कचरा करत नाहीये. आम्ही तिघं पण सहा ताटल्या घेतल्या, त्यांना कमी पडल्या तर असू देत म्हणून. लेकीने इकडे येताना सामानात आणलेल्या स्टीलच्या, पुतण्याच्या मुंजीत वाटलेल्या, मागे मशीनने नाव घातलेलं आणि तारीख १०-५-१९८७. चांगल्या घासूनपुसून एकावर एक ठेवल्या आणि वर क्रोशाचा रुमाल टाकला, उघड्या भांड्यावर काही नको म्हणून. हे दोन बगलांत दोन घडीच्या खुर्च्या घेऊन मागे, मंडपवाल्याच्या पोऱ्यासारखे.

अंगणात मोठं टेबल मांडलेलं. एका ताटलीत सँडविचचे त्रिकोण, एकीत चीज आणि बिस्किटं, एकीत गाजर-काकडीच्या कांड्या आणि मधे वाटीत दह्यासारखं काहीतरी, एकीत सॉसेज रोल. मला वाटलं आजींनी एकटीने केवढं केलंय! त्या पुढे आल्या, माझ्या हातातला गठ्ठा बघून 'ओ लव्हली' म्हणाल्या आणि रुमाल उचलला. वरची ताटली लख्ख, नुसती चेहरा दिसेल अशी. आजींनी ती जराशी उचलली आणि खालच्या ताटलीत बघितलं. मग ती उचलून तिच्या खालची बघितली. तिथे थांबल्या. मी हसून उभी, मला वाटतंय बाईला स्टीलचं अप्रूप दिसतंय. मग त्या माझ्या दंडाला हात लावून म्हणाल्या, 'ओ लव्ह, जस्ट व्हॉट वी नीडेड', आणि सहाच्या सहा ताटल्या टेबलावर मांडून कुणीतरी डब्यातून आणलेले केक त्यांत काढले. इतकं सहज केलं की मला संध्याकाळपर्यंत पत्ता नाही. (लव्हचं मनावर घेऊ नये, इथल्या आज्या दुकानदारालाही लव्ह म्हणतात.) रात्री लेक आली, तिला मी अभिमानाने सांगितलं की बघ आपल्या ताटल्या उपयोगी पडल्या, तर ती बूट काढता काढता तिथेच दारात फतकल मारून बसली आणि डोळ्यातून पाणी येईपर्यंत हसली.

तर वाचकांसाठी अर्थ. ऑस्ट्रेलियात आणि न्यूझीलंडमध्ये 'ब्रिंग अ प्लेट' म्हणजे सगळ्यांनी मिळून खायला एक पदार्थ करून, किंवा विकत घेऊन, आणा. प्लेट आणा, पण भरलेली. पूर्वी गावोगावच्या हॉलमध्ये नाचाचे नाहीतर गाण्याचे कार्यक्रम व्हायचे तेव्हा जाहिरातीत 'लेडीज अ प्लेट' एवढंच छापत, की बायकांनी येताना ताटलीभर खायचं आणायचं. आता बाप्येही आणतात, निदान दुकानातून तरी. आणि फजिती होणारे आम्ही पहिले नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इथल्या सरकारने १९४५ साली इमिग्रेशनचं वेगळं खातं काढलं आणि युरोपातून लाखो माणसं आणली, मेलबर्नला तर इटलीची आणि ग्रीसची किती आली, त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी अश्शाच रिकाम्या ताटल्या नेलेल्या आहेत. आमच्या गल्लीतले एक ग्रीक आजोबा आहेत त्यांनीच ह्यांना सांगितलं की आमच्या आईने तर काटे-चमचेसुद्धा बरोबर नेले होते. सरकारने नव्याने येणाऱ्यांसाठी 'बिगिनिंग अ लाइफ इन ऑस्ट्रेलिया' नावाची पुस्तिका काढलेली आहे, तिच्यात बाकीच्या कामाच्या माहितीबरोबर हे 'ब्रिंग अ प्लेट'ही अर्थासकट दिलेलं आहे. सरकारी पुस्तिकेत जायची वेळ आली म्हणजे बघा किती ताटल्या रिकाम्या गेल्या असतील. लेकीने ती पुस्तिका मला त्या रात्री मोबाईलवर दाखवली, पण वरातीमागून घोडं!

ह्यांचं म्हणणं वेगळंच. हे म्हणाले, आपण हॉटेलात बसून पोऱ्याला 'एक प्लेट भजी' सांगतो तेव्हा तो काय रिकामी बशी आणतो का? प्लेट म्हणजे खायचं हे आपल्याला माहीतच होतं की. मी म्हणलं अहो पण तिथे मागे भजी आहे ना, नुसतं 'प्लेट आण' म्हणलं तर तो रिकामीच आणील. आणि आपल्याकडे रिकामी ताटली हवी असेल तर आपण 'डिश' म्हणतो, चार डिश काढ गं कपाटातल्या, आणि इंग्रजीत डिश म्हणजे पदार्थ! म्हणजे त्यांनी 'ब्रिंग अ डिश' लिहिलं असतं तरी मी त्याच सहा ताटल्या नेल्या असत्या. ह्यावर आमचं जेवण होईपर्यंत चाललं होतं.

मग मी विचार करत बसले की आपण तरी काय वेगळं करतो. 'पानं घेतली, चला' म्हणतो, त्यात पान कुठे असतं, स्टीलचं ताट असतं आणि वाढलेलं जेवण असतं. जाताना 'येते' म्हणतो. 'दोन घास खाऊन जा' म्हणून बसवतो आणि चार पोळ्या वाढतो. नातीचा सगळ्यात मोठा घोटाळा फोनवरचा. सातारला बहिणीशी बोलून झालं की मी 'बरं, ठेवते हं' म्हणते, तर ती एकदा आजूबाजूला बघून विचारते, आजी तू रोज काय ठेवतेस आणि कुठे ठेवतेस? तिने काळा चोंगा बघितलाच नाही तर तिला कसं कळणार. शब्द दोनच, दोन्ही तिला येतात, अर्थ मात्र लागत नाही, अगदी माझ्या प्लेटसारखं.

आता अर्थ कळला म्हणून काम भागत नाही. वापर निराळाच शिकावा लागतो, आणि आपल्या सदरात नेमकं हेच नसतं. प्लेट म्हणजे किती? मी दुसऱ्या खेपेला, नात जाते त्या शाळेच्या कार्यक्रमाला, तीस माणसांचा पुलाव करायला निघाले होते. लेकीने पातेलं हातातून काढून घेतलं. एक ताटली म्हणजे एक ताटली, सात-आठ जणांना एकेक तुकडा येईल एवढं, हातात धरून उभ्याउभ्या खाता येईल असं, चमचा लागू नये. रस्सा असलेलं काही नको. जास्त केलं तर यजमानीण ओशाळते, तिचं स्वतःचं मागे पडतं ना. मग मी म्हणलं साबुदाणा खिचडी नेते, तर म्हणाली शेंगदाणे अजिबात चालणार नाहीत, इथे कितीतरी पोरांना दाण्याची भयंकर अ‍ॅलर्जी असते, शाळा आधीच कळवतात. झालं, म्हणजे आपल्या निम्म्या स्वयंपाकाला काट, कूट काढलं तर आपण कोण. शेवटी नारळाच्या वड्या केल्या. शेजारी कागदावर पदार्थाचं नाव आणि आत काय काय आहे ते लिहून ठेवायचं, ताटलीच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव लिहायचं आणि कार्यक्रम संपला की आपली ताटली आपण शोधून घरी न्यायची. बुडाला नाव! ते ऐकून मला इतकं हसू आलं, आपण भांड्यांवर नावं घालतो म्हणून हीच लेक कॉलेजात असताना मला चिडवायची.

आणखी एक खुबी आहे. चिठ्ठीत काहीच लिहिलेलं नसेल तर 'व्हॉट कॅन आय ब्रिंग' असं विचारायचं. मग बहुतेक वेळा उत्तर येतं 'जस्ट युअरसेल्व्ह्ज', म्हणजे तुम्ही या म्हणजे झालं. ते ऐकून कुणी हात हलवत गेला तर तो गेला कामातून. हे मात्र मला एका फटक्यात कळलं, कारण 'काही आणू नका हं उगीच' ह्याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतो. अशा वेळी फुलं, चॉकलेट, पिणाऱ्याघरी वाईनची बाटली असं काहीतरी न्यायचं, ताटली न्यायची नाही. कंदी पेढे न्यायला मला फार आवडलं असतं, पण दुधाची मिठाई इथे विमानतळावरच काढून घेतात, सातारचं नाव सांगूनही काही उपयोग होत नाही.

मे महिन्यात इथे कॅन्सर कौन्सिलचा मोठा चहाचा कार्यक्रम असतो, १९९४ पासून चालू आहे, लोक ठिकठिकाणी जमतात, चहा पितात आणि संस्थेला पैसे देतात. आमच्या इथल्या लायब्ररीत होता त्याच्या कागदावर पुन्हा तेच तीन शब्द. ह्या वेळी मी बाकरवडी नेली, ती पण घरी केलेली. दहा मिनिटांत ताटली साफ. एका बाईने विचारलं ह्याला काय म्हणतात, मी सांगितलं, तिने तीनदा म्हणून बघितलं आणि शेवटी 'बाकी' वर समाधान मानलं. सवयच आहे त्यांची.

मगाशी केकचं अर्धवट राहिलं. आमच्या मुंजीच्या ताटल्यांत जे केक काढले होते ते चौकोनी, वरून चॉकलेटमध्ये बुडवून खोबऱ्याच्या किसात घोळवलेले. ह्यांनी एक तोंडात टाकला आणि नाव विचारलं. लॅमिंग्टन. ह्यांचा घास तिथेच अडकला. हे सातारला तीस वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवत होते, सुटे भाग आणायला महिन्याला मुंबईला लॅमिंग्टन रोडला फेरी ठरलेली, त्यामुळे ह्यांना वाटलं कुणीतरी आपली थट्टा करतंय. पण जावयाने दुसऱ्या दिवशी नीट शोधून सांगितलं की माणूस एकच! लॉर्ड लॅमिंग्टन हा १८९६ ते १९०१ इथे क्वीन्सलँडचा गव्हर्नर होता, त्याच्यावरून ह्या केकला नाव पडलं असं म्हणतात, आणि पुढे १९०३ ते १९०७ तो आपल्या मुंबईचा गव्हर्नर झाला. इथे त्याच्या नावाचा केक राहिला, आपल्याकडे रस्ता राहिला, त्या रस्त्याचं नाव बदलून डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग होऊन किती वर्षं झाली तरी टॅक्सीवाल्याला लॅमिंग्टन रोडच सांगावं लागतं. आणि १९४० साली लंडनला उधमसिंगांनी जालियनवाला बागेच्या वेळी पंजाबचा कारभार बघणाऱ्या ओडवायरला गोळ्या घातल्या तेव्हा हाच लॅमिंग्टन तिथे व्यासपीठावर होता, त्याच्याही हाताला गोळी लागली. विषय सोडून चाललेय, कळतंय मला, पण ह्यांनी बजावलंय की हे पत्रात आलंच पाहिजे, गेले सहा महिने भेटेल त्याला हेच सांगतायत.

फजितीची परतफेडही झाली. जानेवारीत आजींनी आम्हाला त्यांच्या बागेतले प्लम एका काचेच्या वाडग्यात घालून दिले. आता वाडगा रिकामा कसा परत द्यायचा, आपल्यात वाटी रिकामी देत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी. मी मूठभर साखर घालून नातीच्या हाती पाठवला. पाच मिनिटांत आजी दारात, चेहरा गोंधळलेला, म्हणाल्या लव्ह, मी तुला साखर कधी उसनी दिली होती? मग मी माझ्या इंग्रजीत त्यांना समजावलं की रिकामं भांडं आमच्यात परत देत नाहीत. त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, 'पण त्या दिवशी तू...' आणि दोघी जे हसत सुटलो!

तर सदर लिहिणाऱ्यांना माझी विनंती. कुत्री-मांजरं पुरे झाली. आपल्या सातारा-सांगलीकडच्या कितीतरी घरातली पोरं आता बाहेर आहेत, त्यांचे आईबाप सहा-सहा महिने जाऊन राहतात, त्यांना लागतात ते सोपे शब्द. इथे शेजारी येऊन 'आयम फीलिंग क्रूक' म्हणाला तर तो लफंगा नसतो, आजारी असतो. क्लबात कुणी 'माय शाउट' म्हणलं तर तो ओरडणार नसतो, सगळ्यांच्या पेल्यांचे पैसे तो देणार असतो. (हे दोन पावलं मागे सरकले होते.) 'कम फॉर टी' म्हणलं तर आधी विचारून घ्यावं, कित्येक घरी टी म्हणजे रात्रीचं जेवण, आणि आपण घरून जेवून जातो! ह्या लोकांना स्वतःलाही इंग्लंडातले शब्दकोश पुरेनात म्हणून १९८१ साली त्यांनी आपला मॅक्वारी डिक्शनरी काढला, तिथे आम्ही फळ्यावरच्या इंग्रजीने कुठवर पुरे पडणार. सदरात एका वेळी एकच छापा, पण कोण कुणाला म्हणतं, कुठल्या देशात म्हणतं आणि त्यावर आपण काय करायचं असतं, हे तिन्ही छापा. नुसता अर्थ दिला की आम्ही तीस माणसांचा पुलाव करतो.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, सातारा
(सध्या मुक्काम मेलबर्न)

ता. क. : सहापैकी एक ताटली आजींकडेच राहिली. मुंजीची. परवा बघितलं तर ती त्यांच्या व्हरांड्यात तुळशीसारख्या कुठल्याशा रोपाच्या कुंडीखाली ठेवलेली आहे, १९८७ वर पाणी साचलंय. ती न दुखवता परत कशी मागायची, त्याला इथे काय म्हणतात, तेवढं पुढच्या सदरात दिलंत तर बरं होईल.